दगडाबाईची अर्धी जीभ

दगडाबाईच्या तोंडी लागू नये, हे कोलशेतमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला दोन्हीकडच्या बायका गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात, ती जुनी रीतच आहे. पण त्या रीतीत दगडाबाईचा हात धरील अशी बाई खाडीच्या अलीकडे नव्हती नि पलीकडेही नव्हती. तिची गाणी पाठ केलेली नसत. समोरचा माणूस बघायचा आणि जागच्या जागी ओळ जुळवायची. कुणाचं टक्कल, कुणाची कंजुषी, कुणाची पळून गेलेली लेक. ज्याच्यावर गाणं पडलं त्यानंही हसायचं असतं. रुसला तो हरला.

सून गोदा हिच्या लग्नात असंच गाणं तिच्या बापावर पडलं होतं. बाप मिठागरावर मजुरी करायचा. लेकीच्या लग्नाला म्हणून त्यानं मिठागराच्या मुनीमजीचा कोट मागून आणला होता. कोट मोठा, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. दगडाबाईनं त्या बाह्यांवर गाणं केलं, आणि सगळा मांडव पोट धरून हसला. बापही हसला. हसताना त्यानं दोन्ही हात वर केले तर बाह्यांतून हात दिसेनात, तेव्हा लोक आणखी हसले. त्यानंतर तो लेकीच्या घरी कधी जेवला नाही. दाराशी उभा राहायचा, फडक्यात बांधून आणलेलं काही हातात द्यायचा आणि “जातू गो” म्हणून वळायचा. असाच एक दिवस मेला. गोदानं या गोष्टीचा घरात कधी उच्चार केला नाही.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर दगडाबाईच्या जिभेच्या कडेला फोड आला. आयुष्यभर मशेरी लावलेली बाई, तिनं फोडालाही मशेरीच लावली. बोलताना शब्द अडखळायला लागले तेव्हा मुलगा काळुराम वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रजा टाकून तिला ठाण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात. अर्धी जीभ आणि मानेतल्या गाठी काढल्या, नाकातून पोटात नळी घातली.

ऑपरेशननंतर वॉर्डात सगळे खाटेभोवती जमले. काळुराम, आंबिवलीला दिलेली त्याची बहीण जनी, गोदा. दगडाबाई छताकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. जनीनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात गोदा वाकून म्हणाली,

“आत्या, नर्स इचारत होती, ही बाई मुकी हाय कं? मी बोल्ली, बाय, आमचे गावाची पुन्याई फलली.”

काळुराम चपापला. पण दगडाबाईचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय. नळी सुटता सुटता राहिली. नर्स ओरडत आली. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते मात्र खूश झाले. “हसवत राहा त्यांना,” ते काळुरामला म्हणाले. “इथे रडणारेच जास्त येतात.”

झालं. घराला जणू औषधाची चिठ्ठीच मिळाली. मग लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घ्यायला रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या. मानेची कातडी काळी पडली, सुटून आली. काळुराम म्हणाला, “आयचा भरताचा वांगा झालाय, कांदा कापा.” तोंडभर फोड आले. जनी म्हणाली, “आये, आथां तू कुनाला चावलीस तर तो जगंल तरी.” दगडाबाई प्रत्येक वेळी हसायची, हात उगारायची, आणि पुढच्या दिवशीची फेरी मुकाट्यानं करायची. शेजारची केशरबाई बघायला आली की थक्क व्हायची. “आमचे घरान असतं तर सगली गलाठून बसली असती,” असं ती गावभर सांगायची.

पण सगळ्यांत धारदार बोलायची ती गोदा. आणि करायचीही तीच. नळीतून पेज सोडणं, तोंडातली घाण कापसानं टिपणं, लाळेनं भिजलेली फडकी उकळत्या पाण्यात टाकणं. त्या वासानं काळुराम अंगणात जाऊन उभा राहायचा. गोदा नाकाला पदर लावत नव्हती. काम करता करता तिचं तोंड चालू असायचं, आणि तिला स्वतःलाच नवल वाटायचं की इतकं बोलणं आपल्यात होतं कुठं. इतकी वर्षं या घरात ती ‘हव’ आणि ‘नाय’ याच दोन शब्दांवर राहिली होती.

एकदा तिनं बोंबलाचं कालवण केलं. दगडाबाईचा जीव बोंबलात. गोदानं वाफाळती वाटी तिच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, “घ्या आत्या, वास तुमचा. काटं-बिटं आमी सांभालतू.” काळुराम हसला. दगडाबाईही हसली. पण हसणं संपल्यावर तिनं गोदाकडे जे बघितलं ते गोदाला बरोबर कळलं. सासू ओळखत होती. यात औषध किती आणि दुसरं काय किती, ते दगडाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं जन्मभर तोच धंदा केला होता. गोदानं वाटी बाजूला ठेवली. त्या दिवशी तिनं सासूचे पाय जरा जास्त वेळ चेपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली.

नळी निघाली, दगडाबाई बोलू लागली. म्हणजे तिला वाटे की ती बोलतेय. काळुरामच्या कानावर नुसतं “आं, ऊं, घ्वॉ” पडायचं. जनीला दहातला एक शब्द लागायचा. गोदाला मात्र सगळं कळत होतं. दिवसभर तेच तोंड धूत होती, त्यातला हरेक आवाज तिच्या ओळखीचा झाला होता. “काय बोलली?” असं घरातला प्रत्येकजण गोदाला विचारायचा आणि गोदा सांगायची. दगडाबाईनं केशरबाईच्या चालीवर मारलेला टोमणा गोदा तिच्याच ठसक्यात सांगायची, तेव्हा दगडाबाई मांडीवर थाप मारायची. त्या दिवसांत दोघी सासवा-सुना तासन्‌तास ओटीवर बसलेल्या दिसत. गोदाला ते आवडायला लागलं होतं. हेही तिनं कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात जनीच्या मुलीचं, लक्ष्मीचं लग्न निघालं. हळद आंबिवलीला. दगडाबाई जाणार म्हणून हटून बसली. मानेभोवती साडीचा पदर गुंडाळून, हातात लाळ पुसायला फडकं घेऊन ती मांडवात पुढेच बसली, आणि तिला चिकटून गोदा.

संध्याकाळी नवऱ्याकडच्या बायका हळद घेऊन आल्या. त्यांच्यात नवऱ्याची आत्या शांताबाई होती. एका जुन्या लग्नात दगडाबाईनं हिला गाण्यात असं झोडलं होतं की ती मांडव सोडून गेली होती. शांताबाईनं दगडाबाईला बघितलं, फडकं बघितलं, आणि बसायच्या आधीच सूर लावला:

“कोलशेतची दगडा गो, बारा गावची रानी,
मांडवान येऊन बसली नं तोंडाशी गलतंय पानी!”

नवऱ्याकडच्या बायका हसल्या. नवरीकडच्या बायका मात्र हसल्या नाहीत. जनी उठायला लागली. तेवढ्यात दगडाबाईनं गोदाचा दंड धरून तिला ओढलं आणि तिच्या कानाशी घोगरं काहीतरी बोलली. गोदानं ऐकलं. तिचं तोंड उघडं राहिलं, मग तिला हसू फुटलं. ती उभी राहिली. आजवर चारचौघांत ती कधी गायली नव्हती.

“व्हराडान आली शांता गो, नाकान नथ मोठी,
नथ हाय जावंची नं शांता हाय खोटी!”

नथ खरोखरच जावेची होती, आणि जाऊ शेजारीच बसली होती. मांडवात हशा उसळला. शांताबाईचा हात नकळत नाकाकडे गेला. दगडाबाईचे डोळे लकाकत होते. पुढची ओळ आली, गोदा गायली. आणखी एक आली. गोदाचा आवाज मोकळा झाला होता. कान सासूच्या तोंडाशी आणि तोंड मांडवाकडे. लोक बाहेरून येऊन कडेनं उभे राहिले. काळुरामनं कुणालातरी अभिमानानं सांगितलं, “आमची आय हाय ती. नं ती आमची बायको.”

शांताबाई हार खाणारी नव्हती. तिनं नेम बदलला.

“सासूची जीभ सुनंला गो भाड्यानं मिलाली,
भाडं नाय भरलं तर जाशील गो निकाली!”

हेही झकास होतं; दोन्हीकडचे हसले. गोदाही हसली आणि तिनं कान खाली नेला. भाडं या शब्दावर दगडाबाई क्षणभरही थांबली नाही. ओळ तिच्याकडे आपसूक आली, जशी जन्मभर येत होती. ती बोलली, आणि गोदाला एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला:

“भाड्याचा आमचे घरान गो कोटच तेवरा आला,
कोट गेला मालकाघरी नं व्याही उघरा झाला!”

गोदा तशीच वाकलेली राहिली.

दगडाबाई वर बघत होती, वाट बघत. तिच्या डोळ्यांत वैर नव्हतं. आपण किती नेमकं उत्तर दिलं याचा आनंद होता फक्त, आणि ते लवकर लोकांपर्यंत जावं याची घाई. कोणाचा कोट, कोणाचा बाप, हे तिच्या ध्यानातही नसावं. तेच गोदाला सहन झालं नाही.

“काय बोल्ली गो? सांग ना!” बायका ओरडल्या.

गोदा सरळ झाली. पुढे तिनं जे गायलं ते तिनं आधी योजलेलं नव्हतं.

“जीभ गेली सरनावं गो, बाई राहिली मागं,
अर्धी जलली, अर्धी उरली, कवा लागल आग?”

मग कुणीतरी “आग्गं बाय!” म्हणालं, आणि मग जे हसणं आणि टाळ्या सुरू झाल्या ते थांबेनात. बायका हसता हसता डोळे पुसत होत्या. मरणावर गाणं करते, स्वतःच्या सरणावर! शांताबाई आपल्या जागेवरून उठली, सगळ्यांदेखत आली आणि दगडाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. “हरली मी,” ती म्हणाली. “तुज्यासारखी बाई होनार नाय.”

दगडाबाई मान हलवत होती. नाही, नाही. हात हलवत होती. घशातून आवाज काढत होती. लोकांना तो विनय वाटला. जनीनं आईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर रडली. दगडाबाईनं लेकीच्या खांद्यावरून गोदाकडे बघितलं. गोदा फडकं घेऊन पुढे झाली आणि तिनं सासूच्या हनुवटीवरची लाळ पुसली, रोज पुसायची तशी.

त्या दिवसापासून दगडाबाई बोलायची बंद झाली. गोदाशी नाही, म्हणजे कुणाशीच नाही. हातानं खुणा करायची. पाणी, भूक, मोरी. गोदा थट्टा करायला गेली की भिंतीकडे वळायची. “आथां आत्या रुसल्या, म्हनजे आत्या हरल्या,” असंही गोदानं एकदा म्हणून बघितलं. काहीच झालं नाही. ती फडकी धुवायला गेली. नंतर एका दुपारी तिनं सासूच्या पायाशी बसून हळूच म्हटलं, “माजा बापूस होता तो, आत्या.” दगडाबाईनं तिच्याकडे बघितलं. कोण बाप, कसला बाप, तिला खरंच आठवत नव्हतं की आठवूनही ती गप्प राहिली, ते गोदाला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते गाणं मात्र पंचक्रोशीत पसरलं. बाळकुम, ढोकाळी, पार कल्याणपर्यंत. ज्यांच्या घरी असलं दुखणं होतं ते लोक दगडाबाईला बघायला यायला लागले. आपल्या आजारी माणसाला बरोबर आणायचे, तिच्या पायाशी बसवायचे आणि म्हणायचे, “बघ, या आजीनं कसं हसत काढलं.” आणि काळुराम ओटीवर उभा राहून ते गाणं म्हणून दाखवायचा. दरवेळी दगडाबाईला ते ऐकावं लागे.

दिवाळीच्या सुमारास मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ आली. परळच्या डॉक्टरांनी काळुरामला बाहेर बोलावून घरी न्यायला सांगितलं. घरच्यांनी हसवायचं सोडलं नाही. आता थांबलं तर तिला कळेल, असं जनीचं म्हणणं. गोदा एकटी गप्प असायची.

शेवटच्या दिवसांत एकदा घर भरलं होतं. जनी आली होती, केशरबाई होती, शांताबाईसुद्धा सुनेला घेऊन आली होती. काळुराम कुणाला तरी हळदीची हकीकत सांगत होता. एकाएकी दगडाबाईनं हात वर केला. सगळे थांबले. तिनं गोदाकडे बोट केलं, जवळ बोलावलं. कित्येक महिन्यांनी ती बोलली. आवाज फाटलेला होता, श्वास पुरत नव्हता, पण तिनं सगळं वाक्य पुरं केलं.

“यांना सांग, ते गानं माजं नवतं.”

“काय बोल्ली वयनी?” जनीनं विचारलं. “काय बोल्ली आय?”

सगळे गोदाकडे बघत होते. दगडाबाईही. गोदाचे ओठ हलले, मिटले.

“बोलतान,” ती म्हणाली, “पावन्यांना चा ठेव.”

“बघा!” शांताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “या दुखन्यान पन बाईला पावन्यांची काल्जी!”

दगडाबाईनं डोळे मिटून घेतले. गोदा उठली, आत गेली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. काळुराम तिच्यामागून आला आणि दाराशी उभा राहिला.

“चाच बोल्ली ना?”

“हव.”

मग फळीवरून कपबश्या काढून त्यानं तिच्यापुढे ठेवल्या आणि पुन्हा काही विचारलं नाही. बाहेर जनी आईला काहीतरी गमतीचं सांगत होती, आणि बायका हसत होत्या.