चौकातल्या फळ्यावरचं नाव

मी फळा. तिवश्याजवळच्या एका गावात, विहारासमोरच्या चौकात भिंतीवर बसवलेला. जवळजवळ सत्तर वर्षं लोक माझ्या तोंडावर लिहितात आणि माझ्याच पुढ्यात उभे राहून भांडतात. ऐकून ऐकून शहाणं व्हायला पाहिजे होतं, पण आज माझं डोकं पार चक्रावलंय, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.

छप्पन सालानंतर वस्तीतल्या तरण्या पोरांनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करून, काळा रंग देऊन मला घडवलं. सुविचार, बातमी, लग्न, मयत, हरवलेली बकरी, सगळं माझ्यावर. लिहायचं काम पुढे पोस्टमन देवमन तायडेकडे आलं. त्यानं एकच कायदा केला, ज्यानं लिहिलं त्यानं खाली नाव टाकायचं. बिननावाचं दिसलं की तो ओल्या फडक्यानं पुसून मोकळा.

पुसता पुसता तो पोरांना सांगायचा. इंग्रजांच्या राज्यात सरकारविरुद्ध बोललं की राजद्रोह. घटनेनं एकोणिसाव्या कलमात बोलायचा हक्क दिला, अन् दीड वर्षात त्याच्या मर्यादा वाढवल्या. आणीबाणीत तर तो माझ्यावर नुसतं हवामान लिहायचा. पुढे मोबाइलवर लिहिलं म्हणून पकडायचं कलम आलं, ते दोन हजार पंधरा साली सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. मग राजद्रोहाचं कलम थांबवलं, नव्या संहितेत ते नावही गेलं, पण त्याच्या जागी दुसऱ्या शब्दांत एक आलंच म्हणे. आता मी साधा फळा, किती ध्यानात ठेवू?

आणि सगळंच लिहू द्यावं असं मलाही वाटत नाही बरं. एकदा कोणीतरी सुभद्राबाईच्या चारित्र्यावर लिहून पळालं. देवमननं ते पुसलं तेव्हा मला हायसं वाटलं. मग पुसणं केव्हा बरोबर अन् केव्हा चूक? इथंच माझं घोडं अडतं.

देवमन म्हातारा झाला तसा खडू त्याच्या पोरीनं घेतला. माया अंगणवाडीत सेविका आहे. गेल्या सोमवारी तिनं लिहिलं, ‘पाण्याच्या टाकीचं उद्घाटन दोनदा झालं, मग नळाले पाणी का नाही?’ खाली नाव, माया. झालं एवढंच. कोणीतरी माझा फोटो काढला, त्यावर ‘टाकीवाल्यायचे घर पेटवा’ असं जोडलं आणि मोबाइलवरून गावभर फिरवलं. ते जोडणाऱ्याचं नाव कुठेच नाही. नाव दिसतं ते मायाचं.

टाकीचे कर्तेधर्ते खुशालराव घाबरले. त्यांच्या घरात लहान लेकरं आहेत, त्यांचं भिणं मी खोटं म्हणणार नाही. त्यांनी तक्रार केली. मायाला ठाण्यात बोलावणं आलं आणि सेविकेची नोकरी टांगणीला लागली. बिननावाचा मोकळा फिरतोय, नाव टाकणारी सापडली. हा कोणता न्याय, मला समजेना. मी माझ्यावरचं दुसऱ्या दिवशी पुसून घेतलं होतं. मोबाइलवरचं कोण पुसणार?

खुशालरावांनी निरोप धाडला की फळ्यावर माफी लिही, मी तक्रार मागे घेतो. आज सकाळी माया खडू घेऊन आली. मागोमाग फडकं घेऊन देवमन. लेकीनं माफीऐवजी तोच प्रश्न पुन्हा लिहिला, तसा म्हातारा गयावया करू लागला.

“निदान नाव तं नको लिहू, बाई.”

“नाव लिहाले तुमीच शिकवलं ना, बाबा?”

“शिकवलं. पन तवा नाव टाकनारी तू नोती ना.”

मला रडू येत नाही, येत असतं तर तेव्हा आलं असतं. मग एरवी नुसतं माया लिहिणाऱ्या पोरीनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं, माया देवमन तायडे.

देवमननं ते वाचलं. फडक्याचा हात वर आला आणि अर्ध्यात थांबला. मग त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

“चाल, ठान्यात मी बी येतो. माहं बी नाव हाय त्याच्यात.”

दोघं गेलेत, अजून परतले नाहीत. कायदा त्यांना काय म्हणेल ते मला कळत नाही. चूक मायाची का, हेही कळत नाही. तुम्ही या चौकातून जाल तर एवढं वाचा. आणि हे पुसलंच पाहिजे असं वाटलं, तर पुसा बापहो. पण पुसल्यावर खाली आपलं नाव टाका.