दार आपोआप लागतं

फोटोतल्या डब्याला ना तोंड होतं ना पाठ – दोन्हीकडून सारखाच, काचेचा, आणि आत माणसं आपली मजेत उभी. ड्रायव्हर कुठं बसतो? बसतच नाही. आणि गार्ड? तोही नाही... बंडूनं अमेरिकेहून स्वच्छ लिहिलं होतं: विमानतळावर माणसांना इकडून तिकडे नेणारी गाडी आम्ही बनवतो आहोत, ती आपोआप येईल, आपोआप जाईल, दार ठरल्या सेकंदाला लागेल, कोणासाठी थांबणार नाही. आणि खाली एक ओळ – 'बाबा, तुम्हाला ही गाडी आवडेल.'

आवडेल! अमरावती-बडनेरा शटलच्या गार्डच्या डब्यात, आपल्या लोखंडी पेटीवर बसून चिंतामणराव सकाळपासून ही ओळ चघळत होते. सहा मैल जायचं, सहा मैल यायचं, एकोणीस वर्षं हेच. पोरानं कौतुकानं लिहिलं असेल, की टोमणा मारला? अडुसष्ट साल उजाडलं, आठ वर्षांत पठ्ठ्या एकदा आला नाही, आई गेली तेव्हाही नाही – आणि आता म्हणे, आवडेल.

कारण त्या दिवशी... बंडू निघाला त्या दिवशी शटलवर गार्ड तेच होते. बंडू पुढच्या डब्यात सामान लावत होता. त्याची आई, विमल, अंबादेवीचा अंगारा आणायला गेली होती, तिचा पत्ता नव्हता. वेळ झाली, त्यांनी शिट्टी फुंकली, हिरवं निशाण दाखवलं, आणि गाडी हलल्यावर ती फाटकातून आत धावत आली, मुठीत अंगाऱ्याची पुडी घट्ट धरून. पण तोंडातून शब्द काढला नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते ना! तिनं हाक मारली असती तर थांबवली असती गाडी, असं त्यांनी पुढे स्वतःला शंभरदा सांगितलं. पण तिचा टांगा फाटकाशी उभा राहताना त्यांना दिसला होता. शिट्टीच्या आधी दिसला होता. हे त्यांनी आजवर कोणाजवळ बोलून दाखवलेलं नाही.

आणि बडनेऱ्याला मुंबई मेल चाळीस मिनिटं लेट! बापलेक बाकावर बसून राहिले. बंडूनं एवढंच विचारलं,

"आई आली होती का?"

"नाही दिसली."

आपण धावत आलो होतो हे विमलनं त्याला पत्रातून कळवलं असेल का? घरात तिनं कधी विषय काढला नाही. जेवायला वाढत राहिली, तीन वर्षांनी गेली. विचारायचं राहून गेलं.

आज अमरावतीहून पाचची शटल सुटायला आली होती. फाटकाबाहेर सायकलरिक्षातून एक बाई ट्रंक उतरवत होती. चिंतामणरावांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी ओठांशी नेली – आणि तशीच धरून ठेवली.

इंजिनातून पुंजाजी ड्रायव्हर ओरडला, "ओ गार्डसाहेब, टाइम झाला ना! काहून थांबून राह्यले?"

त्यांनी नुसता हात वर केला. बाई धावली नाही, पळाली नाही. रिक्षावाल्याशी हुज्जत घालून सावकाश आली, ट्रंक चढवली, त्यांच्याकडे न बघता आत जाऊन बसली. दोन मिनिटं गेली.

बडनेऱ्याला उतरताना त्यांनी खुलाशाची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. कोणी विचारलंच नाही. मास्तर मान हलवून पुढे गेले. पुंजाजी इंजिनातून खाली उतरून हात पुसत म्हणाला, "कायले तोंड पाडता? रस्त्यात भरून काढली ना दोन मिंटं. मेलवाल्यायले मालूमबी नाही पडलं."

मालूमसुद्धा पडलं नाही! म्हणजे इतकी स्वस्त होती ती दोन मिनिटं... आठ वर्षं ते नियमाच्या आड उभे होते, आणि नियम तर कोणी बघतही नव्हतं. मग त्या दिवशी शिट्टी का फुंकली? पोरगा चालला म्हणून ती सकाळपासून अनवाणी, उपाशी, देवळात... आणि मी? मी रोज निघत होतो, दिवसातून दहादा निघत होतो, माझ्या कपाळाला तिनं कधी अंगारा लावला होता?

एवढंच होतं ते. हेवा. पोटच्या पोराचा. चिंतामणराव बाकावर बसले. मेलच्या गर्दीत कोणी तरी त्यांना वाट विचारत होतं, आणि बंडूला आता उत्तर लिहायचं तर हेच लिहावं लागणार होतं.