डोक्यावरची रेघ

चिंतामणी सरांनी पुस्तक पालथं घातलं, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि कोऱ्या पानावर चिनी 'घोडा' लिहायला घेतला. मान झाली, पाठ झाली आणि हात अडला.

"बघून लिहा की मेलं," कमलाताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"बघून काढतात ती चित्रं. अक्षर आठवूनच लिहायचं असतं."

देवरूखच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवताना हेच ऐकवून त्यांनी पोरांना भंडावून सोडलं होतं. आता एकाहत्तराव्या वर्षी पाळी त्यांच्यावर आली होती. मुलगा सलिल बोटीवर इंजिनीअर. चीनमध्ये लग्न करून तिथल्याच एका बंदरात राहिला आणि २००१ साली अपघातात गेला. सुनेचा फोन वर्षभर लागायचा, मग लागेनासा झाला. उरली सात वर्षांची नात. तिला ना मराठी येत होतं, ना इंग्रजी. म्हणून सलिलच्या ट्रंकेत सापडलेली चिनीची पुस्तकं घेऊन आजोबा बसले. दीड वर्षात तीनशे अक्षरं शिकले, दोनशे विसरले आणि उरलेल्या शंभरात आठ ओळींचं पत्र बसवून धाडलं. नातीची एक ओळ आली नाही, तर सलिलचं या जगात काही उरलं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

दारात पोस्टमन बाबल्या उभा राहिला.

"सर, तुमचा पत्र परत आलाय."

पाकिटावर चार अक्षरांचा शिक्का होता. शेवटचं अक्षर सरांनी तत्काळ ओळखलं. माणूस. बाकीची तीन पुस्तकात शोधावी लागली.

"काय म्हणतायत?" कमलाताईंनी विचारलं.

"शोधलं, पण असा कुणी माणूस नाही, म्हणतायत."

"नाही कसा? आपली बाय आहे ना तिथे!"

नातीचं आडनाव आईकडचं होतं आणि त्याचा उच्चार 'बाय'. कोकणात लेकीबाळींना हाक मारतात, अगदी तसाच. हे कळलं त्या दिवशी दोघांनी शेजारीपाजारी सांगून सांगून कान किटवले होते.

सरांनी पाकिटावरचं नाव निरखलं आणि कपाळावर हात मारला. अक्षरं लिहून झाल्यावर हाताने सवयीने वर शिरोरेषा ओढली होती. सरळ, देखणी, तिन्ही अक्षरांवरून. त्या रेघेने 'बाय'चं भलतंच अक्षर झालं होतं. त्याचा अर्थ शंभर.

"माझीच चूक गं! माझीच!"

सलिल गेल्यापासून कमलाताईंनी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

मग महिनाभर सर फक्त ते नाव गिरवत होते. हात वर जायला बघायचा, तेव्हा ते डावा अंगठा अक्षराच्या डोक्यावर दाबून धरायचे. मराठी लिहिणं त्यांनी बंदच केलं. वाण्याची यादीसुद्धा कमलाताईंकडे गेली. अखेर बिनरेघेचं नाव जमलं आणि पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं.

दिवाळी झाल्यावर बाबल्या आला. या खेपेला त्याने हाक मारली नाही. पाकीट ओटीवर ठेवलं आणि चहाला न थांबता निघून गेला.

तोच शिक्का होता.

सरांनी लाल पेन काढलं आणि पाकीट खिडकीशी धरलं. नाव पुस्तकाशी पडताळलं, पत्ता सलिलच्या जुन्या पाकिटाशी. वर रेघ नव्हती. फाटे जागच्या जागी होते, चौकटी नीट मिटलेल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी वह्या तपासल्या, पण एकही चूक सापडू नये याचं इतकं भय त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून तपासू लागले. मग तिसऱ्यांदा. डोळे भरून आल्यामुळे अक्षरं नीट दिसेनात.

कमलाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"सापडली का हो चूक?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"सापडली," ते म्हणाले. "बारीकशीच आहे. उद्या पुन्हा लिहितो."