गुळाच्या कढईतली माती

तानाबाईला बापूराव पाटलांच्या विहिरीवर पाणी मिळालं नाही. हे वाक्य वाचलं असेल तर कृपा करून विसरा. तसं काही झालेलं नाही. अस्पृश्यता दोन वर्षांपूर्वीच कायद्यानं संपली, आणि आमच्या देवळीकडे सगळं कायद्यानंच चालतं.

झालं ते एवढंच. पाटलांच्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस. यंदा त्यांनी पहिल्यांदा हरभरा पेरायचं काढलं. मी शेतकी खात्याचा नवा सहायक. उत्साहात सांगून बसलो, की मातीतले जंतू हरभऱ्याच्या मुळांत शिरतात, गाठी करून राहतात आणि हवेतलं खत झाडाला पुरवतात. "तुमच्या मातीत ते नाहीत. जुन्या हरभऱ्याच्या वावरातली गाडीभर माती आणून पसरा."

असं वावर गावात एकच. नाल्याकाठचं, प्रेमदासचं. तो गेल्या साली बौद्ध झालेला; तानाबाई त्याची बायको.

"माती न्या पाटील," तो म्हणाला. "पण उन्हाळ्यात नाला आटते. आमच्या तानाले तुमच्या विहिरीवर भरू द्या."

"पीक आलं, त खुशाल भरू दे तिले."

माती आली. मी आर्वीला दौऱ्यावर गेलो. परतलो तर पाटलांच्या अंगणात चुलाणावर गुळाची कढई, कढईत माती, आणि नत्थू गडी ती फावड्यानं परततोय.

"पाटील, हे काय करून राह्यले?"

"शुद्ध. त्याच्या वावरातली माती तशीच माह्या वावरात टाकू? गोमूत्र शिंपडलं, आता अग्नी."

"अहो, जंतू मेले सगळे!"

"मंग बरंच झालं ना. जंतूच त काढाचे होते."

नत्थूनं विचारलं, "मीठ टाकू का जी?"

हरभरा उगवला आणि पिवळा पडला. झाडं उपटून पाहिली. मुळं सुतासारखी साफ. प्रेमदासच्या झाडांना गाठीच गाठी. एक नखानं फोडली तर आत गुलाबी, म्हणजे जंतू जिवंत.

"बेइमान माती दिली लेकानं," बापूराव म्हणाले. "पाणी कायचं?"

तानाबाई म्हणाली, "फुटाणे पेरले त उगवतेत का, पाटील?" आणि घागर उचलून आटत चाललेल्या नाल्यात पाण्यासाठी झिरा खोदायला गेली.

अहवालात मी लिहिलं, 'माती भाजली.' वरून दुरुस्ती आली : 'तांत्रिक कारण.'

सबब मेहेरबान साहेबांस नम्र विनंती, की सदर जंतूंना पाटलांच्या पसंतीच्या जातीचा दाखला देण्यात यावा, आणि दाखला हाती येईतो श्रीमती तानाबाई यांना सदर विहिरीवर एक घागर भरू द्यावी.