दोघांच्या वाटणीचा उपास

"मी काय गिळ म्हणतोय का?" जाबेर म्हणाला. "जिभेला लाव आणि थुंकून टाक."

लमईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवून ठेवले. समोर टाकीत म्हशीचं दूध कोमट झालं होतं, मीठ पडलं होतं, ढवळूनही झालं होतं. आता कुणीतरी बोट बुडवून चव घ्यायची आणि सांगायचं, पुरे की अजून. मल्लवी गावच्या त्या गल्लीतल्या चीजच्या कारखान्यात मीठ आधी दुधात पडतं आणि मग दूध गोठवतात. एकदा गोठलं की चुकलेलं मीठ कुणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही.

"तू लाव," लमई म्हणाला.

"माझा रमजान आहे."

"तुझे मशिदीतले शेख म्हणाले ना, चाखून थुंकलं तर चालतं?"

"चालतं. पण माझी जीभ सिगारेटींनी जाळली, त्याचं काय? गेल्या आठवड्यात मी चाखलं. काय झालं? तो गिऱ्हाईक उस्मान आला होता काल भांडायला. म्हणे, पहाटे तुमचं चीज खाल्लं आणि संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत जीभ टाळूला चिकटून बसली. रोजा होता का फाशी, असं विचारत होता." जाबेरने टाकीच्या काठावर हात आपटला. "रमजानात आमच्या लोकांना खारट चीज विकायचं म्हणजे दुकानाला कुलूप लावायचं. अरे, बापाच्या काळापासून तू आहेस इथे. रमजानात तूच चाखायचास, तुमच्या मोठ्या उपासातही तूच चाखायचास. म्हातारपणी तुला कुठून उपास आठवला?"

जाबेर मालक होता, पण लमईशी मालकासारखं बोलणं त्याला कधी जमलं नाही. दोघांनी एकाच टाकीत लहानपणी हात पोळून घेतलेले. त्यामुळे तो ओरडला तरी लमईला त्याचं काही वाटत नसे. अलीकडे तर लमईला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"वजन करून घालू," तो म्हणाला. "तराजू आण."

"मीठ ओलं असतं, वजनाचा काय भरवसा?"

"मग होईल ते होईल. मी चाखणार नाही."

जाबेर तराजू आणायला गेला.

लमईने जन्मात उपास केला नव्हता. ख्रिस्ती घरात जन्मला, चर्चमध्ये लग्न झालं, मुलीचा बाप्तिस्मा झाला, पण ईस्टरआधीचा मोठा उपास आला की त्याची सबब ठरलेली. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, तशी माझी जीभ. दिवसभर दूध चाखायचं, मग घरी जाऊन बिनदुधाचं, बिनअंड्याचं खायचं, ही देवाशी लबाडी झाली. त्यापेक्षा सरळ जेवलेलं बरं. असं तो म्हणायचा, आणि उपासाच्या दिवसांतही कारखान्यातून कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा घेऊन घरी जायचा.

त्याची बायको इंसाफ हसायची. "खा, अबू सौसन, खा. तुमच्या वाटणीचा मी करते." सौसन ही त्यांची एकुलती मुलगी, म्हणून तो अबू सौसन, सौसनचा बाप. इंसाफ स्वतःसाठी वालाचं पिठलं, बिसारा, रटरटत ठेवायची. त्याचा चीजचा तुकडा बशीत काढून द्यायची. आणि कधीकधी, उपास अगदी भरात असताना, सहज बोलून जायची, "काल हात जड पडला वाटतं मिठाचा." तो चाट पडायचा. उपासातली बाई, तोंडाला दुधाचा थेंब नाही, आणि हिला मीठ कळतं. वासावरून कळत असेल, नाहीतर उपासाची पुण्याई असेल. हे तो जाबेरलाही सांगायचा. जाबेर म्हणायचा, "बायका सगळं वासावरून ओळखतात. म्हणून मी घराबाहेर सिगारेट ओढतो."

नाताळचा सण झाला आणि इंसाफ गेली. मधुमेह होता, मग मूत्रपिंडं थकली. बायका छाती पिटून रडत होत्या तेव्हा लमई गल्लीत खुर्च्या मांडत होता. आलेल्यांना दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी मिळते की नाही ते बघत होता. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. कसला धीर! आत काही हलतच नव्हतं. रात्री झोप लागत होती, सकाळी जाग येत होती, हात काम करत होते. जेवायला बसलं तर जेवायचा, नाही बसलं तर आठवण होत नसे. त्याचं त्यालाच मधूनमधून वाटे, आपण दगड तर झालो नाही ना.

मोठा उपास जवळ आला तशी एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात टोचू लागली. आता घरात उपास करणारं कुणी उरलं नव्हतं. दोघांच्या वाटणीचा करणारी गेली. लग्न झाल्यापासून त्या घराचा उपास कधी चुकला नव्हता, तो आता चुकणार होता, आणि केवळ त्याच्यामुळे. इंसाफसाठी त्याच्या डोळ्यांतून पाणी निघालं नव्हतं. निदान तिच्या वाटणीचा उपास तरी आपल्या हातून व्हावा.

म्हणून तो चर्चच्या अबूना मितयासकडे गेला. अबूना म्हणजे बाप, पण हे अबूना सौसनच्याच वयाचे. काळी दाढी, अंगावर काळा झगा, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ते काका म्हणायचे.

"पहिल्यांदा करताय ना लमईकाका? मग एकदम उडी मारायची नाही. सकाळी उठल्यापासून दुपारच्या बारापर्यंत काही नाही, पाणीही नाही. नंतर डाळ, भाजी, भाकर. दूध, अंडं, मटण बंद. आणि तोंडाने कुणाचं वाईट नाही. पोट उपाशी आणि जीभ चरतेय, असं नको."

"ते जमेल, अबूना. अडचण दुसरीच आहे. मला भूक लागत नाही."

अबूनांनी हातातला क्रूस खाली ठेवला. "कधीपासून?"

"ती गेल्यापासून. बारा काय, रात्रीपर्यंतही राहीन मी. पण त्यात माझं काय जातंय? भूकच नाही तर उपास कसला?"

अबूना म्हणाले, "मग तुम्ही उलट बाजूने सुरुवात करा. रोज दुपारी स्वतः रांधायचं आणि बसून पोटभर खायचं. उभ्याने नाही, बसून. तुमचा उपास तिथून सुरू होतो."

"आणि उपास लागला की नाही ते कळणार कसं?"

"भूक लागेल तेव्हा कळेल."

लमई ते इमानदारीने करत होता. बारा वाजेपर्यंत कोरडा, मग वाल शिजवायचा. बिसारा कधी पातळ व्हायचा, कधी तळाला लागायचा. टेबलाशी बसून पूर्ण बशी संपवायचा. चव लागत नव्हती, भूक नव्हती. उपास नुसता कॅलेंडरवर चालला होता.

त्या दिवशी वजनाचं मीठ घालून दूध गोठवलं, कालचं चीज कापडातून काढून कापलं, आणि बाराच्या आधीच तो सौसनकडे निघाला. ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. नवरा कुवेतला, हिला आठवा महिना. गरोदर बाईला उपास माफ असतो, आणि डॉक्टरीणबाईंनी दूध, चीज भरपूर खायला सांगितलं होतं. म्हणून लमई कागदात तुकडा गुंडाळून नेत असे. रमजानचा दिवस असल्यामुळे रस्ता ओस होता, उकडलेले वाल विकणाऱ्या गाड्या झाकून ठेवलेल्या.

सौसन पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिने कागद सोडला, भाकरीत तुकडा भरला, आणि बापासमोर खायला ओशाळली.

"खा गं. माझ्यासमोर तुझी आई कधी लाजली का? मी खायचो आणि ती बघायची."

"ते वेगळं."

"वेगळं कसलं? परवा जाबेरला तेच सांगत होतो. आता चाखायला कुणी नाही. तुझी आई असती तर नुसत्या वासावर सांगितलं असतं. भर उपासात सांगायची, काल हात जड पडला म्हणून. आणि कधी चुकली नाही. देवाने त्या बाईला नाकच तसं दिलं होतं."

सौसनचा घास तोंडातच राहिला. तिने तो हळूहळू चावला, गिळला, हात झटकले. "बाबा, मी एक सांगते. रागावू नका."

"मला आता राग येत नाही."

"आई वास नव्हती घेत. ती खायची."

"काय खायची?"

"तुमचं चीज. साखर निघाली ना तिला, तेव्हाच डॉक्टर म्हणाले उपास बंद. आधीचे म्हातारे अबूना होते, तेही म्हणाले, तुला माफ आहे, औषध घे आणि वेळेवर खा. तेव्हापासून आईने एकही उपास केला नाही. तुम्ही कारखान्यात गेलात की फडताळातला कालचा तुकडा काढायची आणि खिडकीशी उभी राहून खायची. जिन्यात पाय वाजला की ओढणीखाली लपवायची. मी हसायचे तिला."

लमईने मनात वर्षं मोजली. साखर निघाली तेव्हा सौसन शाळेत होती.

"आणि बिसारा?"

"तोही खायची तुमच्यासमोर. म्हणून तर साखर वाढायची."

"मला का सांगितलं नाही?"

"मी म्हटलं होतं, सांग. तर म्हणाली, तुझ्या बाबांना वाटतं की घरात कुणीतरी देवाला धरून आहे. त्या भरवशावर ते सुखाने जेवतात. वाटू दे." सौसनने डोळे पुसले. "तिला माफच होतं, बाबा. तिने पाप नाही केलं."

"मी कुठे म्हणालो पाप?"

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "पाय खाली सोडून बसू नकोस, सुजतात." आणि जिना उतरला.

घरी आला तेव्हा बारा वाजून गेले होते. वाल भिजत घातलेला होता. तो चुलीवर चढवला, आणि वाट बघत उभा राहिला असताना त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. हीच खिडकी. साठीला आलेली बाई, सुजलेल्या पायांवर इथे उभी, हातात चीजचा तुकडा, एक कान जिन्याकडे. स्वतःच्या घरात, देवाने माफ केलेलं खाताना, नवऱ्याला कळू नये म्हणून चोरासारखी. आणि संध्याकाळी त्याच्यासमोर बसून पुन्हा बिसारा, कारण त्याला ती उपास करणारी हवी होती.

"इंसाफ," तो मोठ्याने म्हणाला. घरात त्याने बऱ्याच दिवसांत कुणाला हाक मारली नव्हती.

एकाएकी तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. तो ओट्याला धरून खाली बसला. आधी त्याला वाटलं, आपणही चाललो. थोड्या वेळाने कळलं की ही भूक आहे. नाताळपासूनची साठलेली सगळी भूक एकदम आली होती. त्याला जेवायचं होतं, आणि समोर बसून बघणारं माणूस हवं होतं, आणि ते आता कधीच येणार नव्हतं. लमई फरशीवर बसून रडला. वाल तळाला लागला त्याचा वास आला तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाबेरने टाकीपुढे तोंड वाकडं केलं. "वजनाने घातलं ना? आता तुझा येशू आणि माझा अल्ला, दोघांनी मिळून सांभाळावं."

"कालचं कापलंस का? तुकडा दे."

"तू खाणार?"

"चाखणारं माणूस मिळालंय."

आज त्याला चालताना भूक जाणवत होती. सकाळी उठल्यापासून जाणवत होती. पोटात एक कोपरा रिकामा होता आणि तो तिथेच होता, हलत नव्हता. सौसनने दार उघडलं तर बापाचे डोळे सुजलेले होते. तिने त्याच्या हातातला कागद घेतला.

"खा," लमई म्हणाला. "सावकाश खा. लपवू नकोस. तुझ्या वाटणीचा मी करतोय."

तिने तुकडा मोडला. तो समोरच्या खुर्चीत बसून बघत राहिला. घास गालात फिरला, थांबला.

"बाबा, हात जड पडलाय मिठाचा."

लमईने मान हलवली. बाराला अजून अवकाश होता, आणि त्याला फार भूक लागली होती.

"हो," तो म्हणाला. "उद्या कमी घालतो."