वांग्याच्या वावरातला फळा

मी एक जुना गुंडाळफळा आहे, मित्रांनो. काळे कापड आणि वर-खाली दोन काठ्या, एवढाच माझा संसार. शिक्षिका सबीहाबाईंनी मला राजापेठेच्या बाजारातून वलगावच्या शाळेत आणले आणि चौथीच्या वर्गात टांगले. जहाँआरा माझ्यावरचा मजकूर घडाघडा वाचायची. शकुन मात्र माझ्यासमोर आली की रडवेली होई. मला फार वाईट वाटे.

कापसाचे भाव पडले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. शकुनच्या घरच्या वावरात, म्हणजे शेतात, कापूस सोडून वांगी लावली होती. एक दिवस तिची आई मनकर्णाबाई शाळेत आली.

"बाई, इले वाचता येत नाही. काहून बसवून ठेवता? मी इले वावरात नेतो."

सबीहाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या आम्ही सगळेच येतो तुमच्या वावरात. मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बाभळीच्या फांदीला बांधले. काय तो वारा! मी नुसता फडफडत होतो. वर्गात दहा मिनिटे न बसणाऱ्या दानिशने पावले टाकत अख्खा धुरा, म्हणजे वावराचा बांध, मोजून काढला.

काही झाडांचे शेंडे माना टाकून होते. बाईंनी कारण विचारले.

"पाणी कमी पडलं," जहाँआरा म्हणाली.

शकुनने मातीत बोट खुपसले. "माती तं ओली हाय." तिने एक शेंडा तोडून नखाने चिरला. आत अळी वळवळत होती. "हे पाहा बाई, इनं आतून खाल्लं! असे शेंडे तोडून दूर न्या लागते."

जहाँआरा किंचाळली, मग हळूच जवळ सरकली. "तुले कसं समजलं वं?"

बाईंनी शकुनच्या हाती खडू दिला. तिने माझ्यावर शेंडा काढला, भोक काढले, अळी काढली. मग थांबली.

"जहाँआरा, अळी कशी लिवतात?"

जहाँआराने लिहून दाखवले. शकुनने खाली गिरवले. 'ळ'चे पोट जरा जास्तच फुगले, पण शब्द तिचा होता. मी आनंदाने इतका हललो की बाईंना काठी धरावी लागली.

मनकर्णाबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. ती माझ्याजवळ आली.

"शकुन, आता वांगं लिव बरं. मले पाहू दे."

त्यानंतर शकुनची शाळा सुटली नाही आणि दर मंगळवारी आमचा वर्ग वावरात भरू लागला.

आता माझा रंग उडाला आहे, खडूही नीट उमटत नाही. मित्रांनो, मला जपायचे म्हणून कपाटात ठेवू नका. उन्हावाऱ्यात न्या. फाटलो तर दोन टाके घाला आणि पुन्हा न्या.