हिरवं नोझल

आर्डिथला समोरचं दिसत नसे, बाजूचं दिसे. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग बसला होता. त्यामुळे माणसांचे चेहरे पुसलेले आणि कान मात्र स्वच्छ, असं तिचं जग झालं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली तेव्हा तिचा नवरा वर्लिन म्हणाला होता, "बरं झालं. तुझ्या शेजारी बसून माझा जीव अर्धा झाला होता. आता तू शेजारी बस आणि माझ्या चुका काढ."

त्या काळात ती खुशाल चुका काढायची. अलीकडे मात्र तिला चुका दिसायला लागल्या होत्या, आणि ती गप्प बसायला लागली होती.

नेब्रास्कातल्या त्यांच्या घरापासून किराण्याचं दुकान चाळीस मैलांवर. डॉक्टर त्याच्याही पुढे. मध्ये नुसत्या गवताच्या टेकड्या आणि कुणाकुणाच्या गाई. बस फक्त शाळेच्या मुलांना न्यायला येई. गेल्या हिवाळ्यात दुकानातून परतताना डाव्या काचेतून दरवेळी दिसणारी पवनचक्की आलीच नाही. आर्डिथ वाट बघत राहिली. रस्ता खडबडीत झाला, अनोळखी झाला. बऱ्याच वेळाने वर्लिनने गाडी थांबवली, मग वळवली. "म्हटलं, तुला जरा फिरवून आणावं," तो म्हणाला. घरी पोचेपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं होतं.

ती हसली होती. मुलीला फोनवर काही सांगितलं नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या लव्हॉनने आपल्या नवऱ्याबद्दल मुलांना असंच सांगितलं होतं. मुलं आली, बापाकडून किल्ल्या काढून घेतल्या, आणि महिन्याभरात घर विकलं गेलं. आता दोघं शहरातल्या वृद्धाश्रमात असतात. खिडकी पार्किंगवर उघडते. "दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या बघते मी," लव्हॉन म्हणाली होती.

वर्लिनच्या हातातली किल्ली गेली की आपलं घर गेलं, हे आर्डिथला लख्ख कळत होतं.

अशात मुलीकडून, कर्स्टनकडून, बोलावणं आलं. नातीचं नामकरण होतं. कर्स्टन स्पेनमध्ये, अस्तुरियासच्या डोंगरात, सासरी राहत होती. जावई नेल फोनवर म्हणाला, "गाडी घेऊ नका. शहरापर्यंत ट्रेन, तिथून बस आमच्या फाट्यावर सोडते. मी उभा असेन."

"बस?" वर्लिन म्हणाला. "मी काय दुसरीत शिकतो?"

त्याने विमानतळावरच गाडी भाड्याने घेतली. डिझेलचीच मागितली, कारण त्याची पिकअप डिझेलची होती. रस्त्याला लागल्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो सवयीने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होता. घरी सगळेच करतात. इथे कुणी उलट बोट उचलेना.

"यांची बोटं काय गोठलीत का?"

"ते तुला ओळखत नाहीत, वर्लिन."

"म्हणून तर बोट. ओळखत असते तर थांबून बोललो असतो."

डोंगर सुरू होण्याआधी तो पेट्रोल पंपावर थांबला. किमतीचा फलक बघून त्याने मनातल्या मनात लिटरचे गॅलन केले आणि शीळ घातली. "जवळजवळ दुप्पट! आर्डिथ, हे तेल विकतात की अत्तर? कानामागे थोडं लावू का तुझ्या?"

ती हसली. मान तिरकी करून तिने बाजूच्या आरशात पाहिलं. अशाने तिला रंग कळत. त्याने हिरवं नोझल उचललं होतं. बरोबर, तिच्या मनात आलं. हल्ली ती त्याच्या प्रत्येक कामाला अशी मनातल्या मनात खूण करत असे.

बोगद्यात गाडी खोकायला लागली. दोन आचके दिले आणि मेली.

मागून ट्रक आला. त्याच्या भोंग्याने बोगदा असा भरून गेला की आर्डिथला आवाज कुठल्या बाजूने येतो तेच कळेना. समोर तिच्यासाठी फक्त डाग, आणि डागाभोवती पिवळे दिवे. "वर्लिन, काय केलंस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काही नाही केलं मी." त्याचा आवाज लहान झाला होता. "काहीच नाही केलं ना मी?"

पन्नास वर्षांत त्याने गाडीबद्दल तिला काही विचारलं नव्हतं.

ट्रकवाल्याने उतरून, शिव्या देत, गाडी ढकलून बोगद्याबाहेर काढली. तासाभराने नेल एका मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि नेलला काहीतरी विचारलं.

"बाबा, पंपावर कुठलं नोझल उचललंत?"

"हिरवं. डिझेलचं."

मेकॅनिकला ते भाषांतर लागलंच नाही. तो गुडघ्यावर हात मारून हसला.

"इथे हिरवं म्हणजे पेट्रोल," नेल म्हणाला. "डिझेल काळं. तुमच्याकडे उलट आहे का?"

"अख्ख्या देशात उलट आहे!" वर्लिन ओरडला, आणि त्याचा आवाज परत मोठा झाला.

आर्डिथ रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून रडली. मीही हिरवंच पाहिलं होतं, मीही बरोबर म्हटलं होतं, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. चूक डोक्याची नव्हती, देशाची होती.

पुढचे दिवस बरे गेले. नेलची आई एतेल्विना वर्लिनपेक्षा वयाने बरीच मोठी होती आणि तिने जन्मात कधी गाडीचं चाक धरलं नव्हतं. "चाक कशाला? नवऱ्याला वळवता वळवता हात दुखले," असं ती म्हणाल्याचं कर्स्टनने सांगितलं. रोज सकाळी ती आर्डिथचा दंड धरून फाट्यावर नेई, बसमध्ये बसवी, बाजारात चीज आणि पाव घेई. आर्डिथला डोळ्यांची आठवणही होत नसे.

"आई, इथेच राहा ना दोघं," कर्स्टन एकदा हळूच म्हणाली. "बाबा ठीक आहेत ना?"

"अगदी ठीक," आर्डिथ म्हणाली.

"इथे?" वर्लिन पलीकडून बोलला. "बोट उचललं तर परत बोट नाही. असल्या ठिकाणी माणूस राहील कसा?"

दुरुस्त झालेल्या गाडीत दरवेळी बसताना तो तिला ऐकवायचा, "काळं म्हणजे डिझेल. काळं." परतीच्या प्रवासातही दोनदा म्हणाला. तिला ते आवडायचं. धडा लक्षात राहतोय, असं वाटायचं.

नेब्रास्कात उतरल्यावर त्यांची पिकअप विमानतळावर धूळ खात उभी होती. किराणा घेतला. गावाबाहेरच्या पंपावर वर्लिन उतरला. ऊन उतरत होतं. आर्डिथने मान तिरकी करून आरशात पाहिलं.

त्याने काळं नोझल उचललं.

ती थांबली. आता ठेवेल. आता स्वतःवर हसेल. त्याने टाकीचं झाकण काढलं, नोझल आत घातलं. तिने दार ढकललं आणि धडपडत खाली उतरली.

"वर्लिन, हिरवं!"

"काळं म्हणजे डिझेल."

"ते तिथे. आपण कुठे आहोत?"

त्याने मान वर केली. धान्याच्या उंच कोठाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला एवढा वेळ लागला नसता. दहा दिवस तोच धडा गिरवल्यावर कुणाचाही हात काळ्याकडेच गेला असता, ती मनात म्हणत होती. आणि तो अजून बघतच होता.

"कुठे म्हणजे?" तो शेवटी म्हणाला. "घरी. पोपटासारखं घोकून घेतलं तिथे, आता सुटत नाही." तो हसला. काळं ठेवून त्याने हिरवं घेतलं. झाकण त्याला दोनदा लावावं लागलं.

आर्डिथने पर्समधला फोन चाचपला. कर्स्टनला एवढंच सांगायचं होतं, की परवा विचारलंस ना, त्याचं उत्तर खोटं होतं. पण पिशव्यांत दूध होतं, पुढे चाळीस मैल होते, आणि चाक धरू शकणारं माणूस दोघांत एकच होतं. ती पिकअपमध्ये चढली आणि पट्टा लावला.

रस्ता सरळ होता. तिने खिडकीची काच थोडी खाली केली. गवताचा वास आला, वारा आला. डोळ्याच्या कडेला तिला वर्लिनचा हात दिसत होता. हाताचं एक बोट स्टिअरिंगवरून उठलं, कुणाला तरी रामराम करून परत खाली बसलं.

समोरचं तिला दिसत नव्हतं. जवळून एखादी गाडी जाईल म्हणून ती कान देऊन बसली. नुसता वारा येत राहिला. मग तिने डावीकडच्या काचेकडे मान तिरकी केली आणि पवनचक्कीची वाट बघू लागली.